चार्जरचा लाल दिवा काय सांगतो?

रात्री जेवणं झाल्यावर गाडी चार्जिंगला लावली, सकाळी पाहिलं तर बॅटरी होती तिथेच. केबलवरच्या डबीत लाल दिवा लुकलुकतो आहे. पूर्णपणे विजेवर चालणारी गाडी असो की पेट्रोल आणि वीज अशा दोन्हींवर चालणारी प्लग-इन हायब्रिड, घरी चार्जिंग करणाऱ्या अनेकांना हा अनुभव कधी ना कधी येतो. पहिला राग निघतो गाडीच्या कंपनीवर. मग ओळखीच्या वायरमनला बोलावलं जातं. तो सॉकेट उघडून पाहतो आणि म्हणतो, ‘अर्थिंग मिळत नाही. एक तार मारून देतो, होईल चालू.’ तो अर्थिंगची पिन आतल्या आत न्यूट्रलला जोडतो. दिवा हिरवा होतो, गाडी चार्ज होऊ लागते आणि घरातले सगळे निश्चिंत होतात.

खरं तर काळजी करण्याची वेळ तिथून सुरू होते. ताप आलेल्या माणसाचा थर्मामीटर फोडून टाकावा, तसा हा प्रकार. चार्जरने घराच्या वायरिंगमधला दोष पकडला होता आणि तो दोष तसाच ठेवून फक्त चार्जरचं तोंड बंद करण्यात आलं.

चार्जिंगच्या तक्रारींत गाडीचा किंवा केबलचा दोष असतोच, पण बऱ्याचदा मूळ भिंतीच्या आत असतं. ते ओळखायचं कसं, आणि त्याचा जिवाशी काय संबंध, हे प्रत्येक चार्जिंग करणाऱ्या घराला माहीत असायला हवं.

आधी बोलणी, मग वीज

मोबाइलचा चार्जर सॉकेटमध्ये घातला की वीज लगेच वाहू लागते. गाडीचं तसं नसतं. गाडीसोबत मिळणाऱ्या केबलवर जी डबी असते ती आणि गाडी यांच्यात आधी बोलणी होतात. डबी 12 व्होल्टचा एक क्षीण इशारा गाडीकडे पाठवते. गाडी जोडली गेली, की तो इशारा सेकंदाला हजार स्पंदनांच्या रूपात जाऊ लागतो आणि स्पंदनांच्या रुंदीवरून गाडीला कळतं की या सॉकेटमधून किती अँपिअर प्रवाह घेता येईल. गाडी ‘तयार आहे’ असं उत्तर देते. त्याआधी डबीने सॉकेटमध्ये अर्थिंग आहे का, हेही तपासलेलं असतं. हे सगळं जमलं की आतला स्विच ‘टक’ असा आवाज करून मिटतो आणि मगच गाडीत खोचलेल्या तोंडापर्यंत 230 व्होल्ट पोहोचतात.

यातली एकही पायरी चुकली तर वीज सोडायची नाही, अशीच त्या डबीची रचना असते. त्यामुळे चार्जिंग सुरू न होणं हा प्रत्येक वेळी बिघाड नसतो. अनेकदा ती यंत्रणेने घेतलेली खबरदारी असते.

दोष कुठे: गाडीत, केबलमध्ये की घरात?

निदानाची सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी. गाडीत चार्जिंगची वेळ ठरवून ठेवलेली असेल, तर त्या वेळेआधी ती वीज घेत नाही. घरातल्या दुसऱ्या कोणी मोबाइल अ‍ॅपवर ही वेळ बदललेली असते आणि गोंधळ उडतो. बॅटरी 80 टक्क्यांवर थांबवण्याची मर्यादा लावलेली असू शकते. चार्जिंगचं तोंड खटका बसेपर्यंत आत गेलेलं नसतं, त्यात धूळ किंवा मुंग्या असतात. गाडीतली नेहमीची 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असेल, तरी मोठी बॅटरी चार्ज होत नाही, कारण गाडीचा संगणकच जागा होत नाही.

हे सगळं ठीक असेल तर एक सोपी परीक्षा आहे. तीच गाडी आणि तीच केबल घेऊन, ज्याचं वायरिंग नवं आणि तपासलेलं आहे अशा दुसऱ्या ठिकाणी जावं. तिथे चार्जिंग सुरळीत झालं, तर दोष आपल्या घरात आहे. तिथेही झालं नाही, पण सार्वजनिक चार्जरवर त्याच्याच केबलने झालं, तर संशय आपल्या केबलवर. कुठेच होत नसेल तर गाडी सर्व्हिस सेंटरला न्यावी. दिवा किती वेळा लुकलुकतो याचेही अर्थ असतात. ते कंपनीगणिक वेगळे असल्याने गाडीच्या पुस्तिकेत पाहावेत.

प्लग-इन हायब्रिडच्या बाबतीत एक जास्तीची सावधगिरी हवी. पूर्ण विजेवरची गाडी चार्ज झाली नाही तर ती दारातच उभी राहते, त्यामुळे तक्रारीची दखल त्याच दिवशी घेतली जाते. हायब्रिड मात्र पेट्रोलवर निघून जाते. वेदनाशामक गोळीने दुखणं दबावं आणि आजार आत वाढत राहावा, तसा वायरिंगचा दोष महिनोन्‌महिने दबून राहतो. घरातल्या इतर सगळ्या उपकरणांना तोच दोष लागू असतो, हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

उन्हाळ्यात बंद, पावसाळ्यात चालू

घरातल्या सॉकेटची मोठी, वरची पिन अर्थिंगची असते. ती तार घराबाहेरच्या खड्ड्यात पुरलेल्या धातूच्या पट्टीला किंवा नळीला जोडलेली असावी लागते. उपकरणाच्या धातूच्या भागात चुकून वीज उतरली, तर तिला जमिनीत जायला ही सोपी वाट. जुन्या वाड्यांत, चाळींत आणि घाईने बांधलेल्या अनेक इमारतींत ही पिन असते, पण तिच्या मागे काहीच जोडलेलं नसतं. पंखा, टीव्ही, दिवे यांना त्याने फरक पडत नाही, म्हणून वीस-वीस वर्षं कुणाला पत्ता लागत नाही. गाडीचा चार्जर ते पहिल्याच दिवशी पकडतो.

काही घरांत तक्रार ऋतूप्रमाणे येते. जुलैत छान चालणारा चार्जर एप्रिल-मे महिन्यांत लाल दिवा दाखवू लागतो. त्याचं कारण जमिनीत आहे. ओली माती वीज चांगली वाहून नेते, कोरडी माती नेत नाही. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पुरलेल्या नळीपासून सुटते. सह्याद्रीच्या कातळावर किंवा कोकणातल्या जांभ्यावर बांधलेल्या घरांत अर्थिंग मुळातच कमकुवत राहण्याची शक्यता जास्त. खड्ड्यात पाणी टाकल्यावर चार्जर चालू झाला, तर तो दोष दूर झालेला नसून तो सापडलेला आहे असं समजावं. खड्डा नव्याने करून त्याचा रोध अर्थ टेस्टरने मोजून घेणं हाच इलाज.

इन्व्हर्टरवर किंवा सोसायटीच्या जनरेटरवर गाडी लावली की काही चार्जर अर्थिंगची तक्रार करतात. जनरेटरचा न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसेल, तर चार्जरची तपासणी अपुरी राहते. वीज गेलेली असताना गाडी चार्ज करण्याचा हट्ट न धरणंच बरं.

‘एक तार मारून’ काय होतं?

गाडी चार रबरी चाकांवर उभी असते. रबर वीज वाहू देत नाही. अर्थिंग नसताना गाडीच्या पत्र्यात वीज उतरली, तर तिला जमिनीकडे जायला वाट नसते आणि पत्रा तसाच ‘जिवंत’ राहतो. ओल्या फरशीवर अनवाणी उभं असलेलं माणूस दाराच्या दांड्याला हात लावतं, तेव्हा ती वाट मिळते. ती त्याच्या शरीरातून जाते.

अर्थिंगची पिन न्यूट्रलला जोडल्याने चार्जर फसतो, धोका मात्र वाढतो. न्यूट्रलची तार खांबावर, मीटरजवळ किंवा जोडणीत कुठेही तुटली, तर घरात चालू असलेल्या दिव्या-पंख्यांमधून फेजची वीज त्या तुटलेल्या न्यूट्रलवर येते. न्यूट्रल अर्थिंगच्या पिनला जोडलेला, ती पिन गाडीच्या पत्र्याला जोडलेली. म्हणजे गाडीत कोणताही बिघाड नसताना तिच्या सर्व धातूच्या भागावर 230 व्होल्ट येऊ शकतात. पावसाळी वाऱ्यात तारा तुटतात, आणि फरशी ओली असते तीही त्याच दिवसांत.

तीन पिनांच्या प्लगची वरची पिन कापणं, दोन पिनांचा अडॅप्टर लावणं, हीसुद्धा याच जातीची कामं. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे सगळं ठीक, ही समजूतही चुकीची. टेस्टर फक्त फेज कुठे आहे ते सांगतो. अर्थिंग चांगलं आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही.

हृदयाला किती वीज पुरते?

शॉकचा परिणाम व्होल्टपेक्षा शरीरातून गेलेल्या प्रवाहावर आणि तो किती वेळ गेला यावर अवलंबून असतो. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी विसाव्या शतकाच्या मध्यात स्वयंसेवकांवर प्रयोग करून हे मोजलं. पुरुषांमध्ये सरासरी 16 मिलिअँपिअर आणि स्त्रियांमध्ये साधारण साडेदहा मिलिअँपिअर प्रवाहानंतर हाताचे स्नायू असे आकसतात की पकडलेली तार सोडता येत नाही. मिलिअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा हजारावा भाग. प्रवाह याच्या काही पट झाला आणि तो छातीतून गेला, तर हृदयाची लय बिघडू शकते. हृदय आकुंचन पावण्याऐवजी नुसतं थरथरतं, मेंदूला रक्त पोहोचत नाही आणि काही मिनिटांत मृत्यू येतो.

कोरड्या, जाड त्वचेचा रोध बराच असतो, पण ओल्या त्वचेचं माणूस विजेला साधारण एक हजार ओहम रोध देतं. 230 व्होल्टला एक हजाराने भागलं की उत्तर येतं 230 मिलिअँपिअर. गाडीचा चार्जर घेतो साधारण 13 अँपिअर, म्हणजे 13,000 मिलिअँपिअर. त्यातला साठावा हिस्सासुद्धा हृदय थांबवायला पुरेसा आहे.

इथे आरसीसीबी कामाला येतो. वितरण पेटीतला हा स्विच आत गेलेला आणि परत आलेला प्रवाह सतत ताडून पाहतो. घरांसाठीचा आरसीसीबी 30 मिलिअँपिअरच्या फरकाला वीज तोडतो आणि गळती 150 मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त असेल तर 0.04 सेकंदाच्या आत तोडतो. हृदयाच्या एका ठोक्याला लागतात सुमारे 0.8 सेकंद. म्हणजे एका ठोक्याच्या विसाव्या भागात वीज बंद. शॉक जाणवेल, पण जीव वाचण्याची शक्यता खूप वाढते.

शेजारचा एमसीबी हे काम करत नाही. तो तारेला जपतो. तारेत जास्त भार आला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडतो. 230 मिलिअँपिअरचा प्रवाह माणसातून जात असताना 16 अँपिअरचा एमसीबी शांत बसलेला असतो.

गाडी लावली की आरसीसीबी पडतो, अशी तक्रार आल्यावर तो काढून टाकण्याचा सल्ला काही जण देतात. तो कधीही मानू नये. चार्जिंगचं तोंड ओलं झालेलं असेल, गीझर किंवा वॉशिंग मशीनची थोडी-थोडी गळती एकत्र येत असेल किंवा दोन सर्किटचे न्यूट्रल एकमेकांत मिसळलेले असतील. बाकीची उपकरणं एकेक करून बंद करत गेलं की कारण सापडतं. गाडीसाठी वेगळं सर्किट आणि त्यावर वेगळा, चार्जरच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रकारचा आरसीसीबी असावा. त्यावरचं ‘टी’ अक्षराचं बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो का ते पाहावं. पडला नाही, तर तो बदलावा.

गरम प्लगचं गणित

दुसरी नेहमीची तक्रार: चार्जिंग सुरू होतं, पण तासाभरात थांबतं. बहुतेकदा इथे उष्णता कारणीभूत असते. गीझर दोन किलोवॉटचा असला तरी पंधरा-वीस मिनिटांत बंद होतो. एसीचा कॉम्प्रेसर अधूनमधून विश्रांती घेतो. गाडी मात्र तीन किलोवॉटच्या आसपास वीज सलग घेते. हायब्रिडची लहान बॅटरी चार ते सहा तास, तर पूर्ण विजेच्या गाडीची मोठी बॅटरी दहा-बारा तास. घरातल्या साध्या सॉकेटवर इतका सलग भार याआधी कधी आलेलाच नसतो.

सॉकेटमागचा स्क्रू जरा सैल असला आणि तिथे अवघा 0.3 ओहम रोध तयार झाला, तर 13 अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर सुमारे 50 वॉट उष्णता निर्माण होते. रेडिओ दुरुस्तीवाल्याच्या टेबलावरचं सोल्डरिंग आयर्न 25 वॉटचं असतं. तशी दोन आयर्न भिंतीतल्या प्लॅस्टिकच्या डबीत रात्रभर चालू ठेवल्यासारखं हे आहे, आणि घरातले सगळे त्या वेळी झोपलेले असतात. काही केबलच्या प्लगमध्ये तापमान मोजणारा संवेदक असतो. तो प्रवाह कमी करतो किंवा थांबवतो. ज्यांत नसतो, तिथे आधी वास येतो, मग सॉकेट तपकिरी पडतो, मग वितळतो.

नव्या जागी चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने ते थांबवावं, सॉकेटचा स्विच बंद करून प्लग बाहेर काढावा आणि त्याच्या आवरणाला हात लावून पाहावा. कोमट असेल तर हरकत नाही. हातात धरवत नसेल, पिना काळवंडल्या असतील किंवा जळकट वास येत असेल, तर तो सॉकेट पुन्हा वापरू नये. एक्स्टेन्शन बोर्ड, गुंडाळलेली लांब वायर, मल्टिप्लग यांना इथे जागा नाही. बाल्कनीतून खाली सोडलेल्या वायरवर स्कूटर चार्ज करणाऱ्यांनाही हे लागू आहे.

चार्जिंग थांबत नाही पण फार मंद होतं, तेव्हा व्होल्टेज पाहावं. संध्याकाळी सगळ्यांचे दिवे, पंप, एसी एकदम चालू असताना ते उतरतं आणि गाडी कमी वीज घेते. रात्री अकरानंतर चार्जिंग लावलं की हा प्रश्न बऱ्याच ठिकाणी सुटतो.

एकदाच, पण नीट

गाडी घेण्याआधीच परवानाधारक वीज कंत्राटदाराकडून घराची तपासणी करून घ्यावी. वीजबिलावर ‘मंजूर भार’ किती आहे ते पाहावं. तो दोन किलोवॉट असेल आणि गाडी एकटीच तीन किलोवॉट घेणार असेल, तर महावितरणकडे किंवा आपल्या वीज कंपनीकडे भार वाढवून मागावा. पेटीपासून पार्किंगपर्यंत गाडीसाठी स्वतंत्र तार असावी. 16 अँपिअरच्या सॉकेटसाठी तांब्याची चार चौरस मिलिमीटरची तार सहसा सुचवली जाते. अंतर जास्त असेल तर त्याहून जाड. सॉकेट भारतीय मानक चिन्हाचा, मजबूत, पाऊस न लागणारा आणि मुलांच्या हाताला न येणारा हवा. काम झाल्यावर अर्थिंगचा रोध मोजून आकडा लिहून घ्यावा आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा मोजून ताडून पाहावा. गाडीच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे.

गाडीला हात लावताच झिणझिण्या आल्या, तर ‘थोडासा करंट येतो’ म्हणून सोडून देऊ नये. मेन स्विच बंद करावा आणि तपासणी होईपर्यंत चार्जिंग थांबवावं. दिवे अचानक फार तेज किंवा मंद होऊ लागले, तर न्यूट्रल सुटल्याची शक्यता असते. तेव्हाही मेन स्विच बंद करून 1912 या क्रमांकावर वीज कंपनीला कळवावं.

पेसमेकर असलेल्यांच्या मनात भीती असते. जर्मनीत 130 हृदयरुग्णांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरच्यापेक्षा कितीतरी शक्तिशाली चार्जर वापरूनही पेसमेकर किंवा तत्सम उपकरणांच्या कामात अडथळा आढळला नाही. केबल छातीशी धरून किंवा चार्जरला टेकून उभं राहू नये, एवढी काळजी घ्यावी आणि शंका असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारावं.

शॉक बसलाच तर

चिकटलेल्या माणसाला हाताने ओढायला धावू नये, धावणाराही चिकटतो. आधी मेन स्विच बंद करावा. ते शक्य नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने त्याला विजेपासून दूर करावं. हाक मारून तो उत्तर देत नसेल आणि श्वास नीट चालत नसेल, तर 108 ला फोन करायला कोणाला तरी सांगून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करावी. छातीच्या मधोमध, दोन्ही हातांनी, पाच सेंटिमीटर खोल, मिनिटाला 100 ते 120 वेळा. मदत येईपर्यंत थांबू नये. मातीत पुरणं, पाणी पाजणं, कांदा हुंगवणं यात मोलाची मिनिटं वाया जातात.

माणूस शुद्धीवर असला तरी बेशुद्धी येऊन गेली असेल, छातीत धडधड किंवा दुखणं असेल, ओल्या अंगाने शॉक बसला असेल किंवा हाताला चिकटून राहिला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन ईसीजी काढावा. गरोदर स्त्रीने शॉक लहान वाटला तरी डॉक्टरांना दाखवावं. विजेच्या भाजण्याची खूण त्वचेवर रुपयाएवढी दिसते, पण आतले स्नायू त्याहून कितीतरी जास्त होरपळलेले असू शकतात. लघवी चहासारखी काळपट झाली तर ते स्नायूंच्या इजेचं लक्षण असतं आणि मूत्रपिंडांना धोका असतो. भाजलेल्या जागी टूथपेस्ट, हळद, शाई लावू नये. वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडावं आणि स्वच्छ कापडाने झाकून रुग्णालय गाठावं.

विजेवरच्या गाड्या वाढल्या तर रस्त्यावरचा धूर कमी होईल आणि फुप्फुसांचे रुग्णही सुखावतील, म्हणून त्या हव्यातच. त्यांच्या निमित्ताने वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहिलेलं घराचं अर्थिंग एकदा तपासलं गेलं, तर तो आणखी एक फायदा. लाल दिवा लागला की एवढंच करावं: केबल काढून ठेवावी, त्या दिवशी पेट्रोलवर, बसने किंवा रिक्षाने जावं, आणि भिंत उघडून पाहायला जाणकार माणसाला बोलवावं.